वत्सगुल्म : आपल्या शेजारची राजधानी, आणि ती होती हे कळलं कसं?

वाशिम आपल्या भागातल्या बहुतेकांनी पाहिलेलं असतं. कोणी बालाजीच्या दर्शनाला जातं, कोणी बाजाराला, कोणाचे तिथे पाहुणे असतात. पुसेगाव-सेनगावकडच्या माणसाला वाशिम म्हणजे शेजारचा जिल्हा, रस्ता ओलांडला की विदर्भ, एवढीच ओळख पुरते. पण सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी हेच गाव एका राज्याची राजधानी होतं. तेव्हा त्याचं नाव होतं वत्सगुल्म. वाकाटकांच्या दोन मोठ्या शाखांपैकी एक शाखा इथून राज्य करत होती, आणि अजिंठ्याची काही सर्वांत सुंदर लेणी याच शाखेच्या शेवटच्या मोठ्या राजाच्या, हरिषेणाच्या काळात खोदली गेली.

आता गंमत बघा. अजिंठा जगाला माहीत आहे, वत्सगुल्म मात्र शेजारच्या गावातल्या मुलांनाही माहीत नसतं. या लेखात मी तुम्हाला या राजधानीचा इतिहास सांगणार आहे, पण तो सांगताना प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारणार आहे : हे आपल्याला कळलं कशावरून? तुम्ही पेटची तयारी करत असा किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असा, विषय इतिहासाचा असो की रसायनशास्त्राचा, हा प्रश्न सुटत नाही.

राजवाडा नाही, मग राजधानी कशावरून?

वाशिमला जाऊन वाकाटकांचा राजवाडा शोधू लागलात तर हाती काही लागणार नाही. तट नाही, दरबार नाही, सिंहासनाचा चौथरा नाही. शतकानुशतकं माणसं त्याच जागी राहत आली, जुन्या घरावर नवं घर उठत गेलं. जिथे वस्ती कधी मोडलीच नाही तिथे जमिनीखालचं शोधणं फार अवघड असतं. देवगिरी उजाड झाली म्हणून दिसते. वाशिम नांदतं राहिलं म्हणून झाकलं गेलं.

ही अडचण आपल्याच वाट्याला आली आहे असं समजू नका. पश्चिम आफ्रिकेतल्या जुन्या घाना साम्राज्याचं उदाहरण घ्या. आजच्या घाना देशाशी त्याचा फक्त नावापुरता संबंध. ते साम्राज्य आजच्या मॉरिटानिया आणि माली या देशांच्या भागात होतं. इ.स. १०६८ मध्ये अल-बक्री या लेखकाने त्याच्या राजधानीचं वर्णन लिहिलं : दोन वेगवेगळी नगरं, एकात मुसलमान व्यापारी आणि त्यांच्या बारा मशिदी, दुसऱ्यात राजा. पण अल-बक्री राहायचा स्पेनमध्ये, तो आफ्रिकेत कधी गेलाच नाही. प्रवाशांकडून ऐकलेलं आणि आधीच्या ग्रंथांत वाचलेलं त्याने लिहिलं. पुढे १९१४ पासून मॉरिटानियात कुंबी सालेह या ठिकाणी उत्खननं झाली. दगडी घरं सापडली, मोठी मशीद सापडली. म्हणजे व्यापाऱ्यांचं नगर बहुधा मिळालं. राजाचं नगर मात्र अजून निश्चित सापडलेलं नाही.

तिथे वर्णन आहे पण जागा पूर्ण सापडत नाही. आपल्याकडे उलटं आहे : जागा आहे, गाव आहे, पण त्या काळात कोणी पाहून लिहिलेलं वर्णन नाही. दोन्हीकडे काम एकच, हाती आहे त्या तुटक पुराव्यातून राजधानी उभी करायची.

१९३९ चा ताम्रपट

वत्सगुल्म शाखेचा इतिहास खऱ्या अर्थाने सुरू होतो तो १९३९ मध्ये. वाशिमला सापडलेला एक ताम्रपट त्या वर्षी यवतमाळचे अभ्यासक य. खु. देशपांडे आणि त्यांचे सहकारी महाजन यांनी अभ्यासकांपुढे मांडला. ताम्रपट म्हणजे राजाने जमीन किंवा गाव दान दिल्याचा, तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेला दस्तऐवज. आजच्या भाषेत सांगायचं तर दान मिळालेल्या माणसाच्या घरात जपून ठेवलेलं खरेदीखत.

हा ताम्रपट दुसऱ्या विंध्यशक्तीचा आहे. त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षी तो दिला गेला, आणि तो दिला गेला वत्सगुल्माहून. त्यात वंशावळ येते ती अशी : प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन, आणि सर्वसेनाचा मुलगा हा दुसरा विंध्यशक्ती. वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार, म्हणजे कोणतं गाव, कोणाला, कोणत्या सवलतींसह, हा प्राकृतात. इथे थांबून विचार करा. घराण्याचा मोठेपणा संस्कृतात सांगायचा आणि कामाचं बोलायचं ते लोकांना कळणाऱ्या भाषेत. आपल्या मराठीची पूर्वज असलेली ती प्राकृत चौथ्या शतकात आपल्याच भागात सरकारी कामाला वापरली जात होती, याचा हा हातात धरता येईल असा पुरावा आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट. दान दिलेलं गाव होतं नांदीकडच्या उत्तर मार्गात. नांदीकड म्हणजे नांदेड, आणि मार्ग म्हणजे राज्याचा एक प्रशासकीय विभाग. नकाशा उघडा आणि नांदेडपासून उत्तरेला वाशिमपर्यंत बोट फिरवा. मध्ये काय येतं? कळमनुरी, हिंगोली, म्हणजे आपलाच मुलूख. वत्सगुल्मच्या राजाची सत्ता नांदेडपर्यंत पोचत होती याचा अर्थ आजचा हिंगोली जिल्हा त्या राजधानीच्या अंगणात होता. आपण ज्याला दुसरा विभाग म्हणतो, ते तेव्हा आपलं मुख्य ठाणं होतं.

पण ताम्रपट वत्सगुल्माहून दिला म्हणून वत्सगुल्म लगेच राजधानी ठरतं का? नाही. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतल्या प्रभावतीगुप्ता या राणीचा एक ताम्रपट रामगिरीहून, म्हणजे रामटेकच्या देवस्थानातून दिलेला आहे. ते तीर्थ होतं, राजधानी नव्हे. राजे मुक्कामावरूनही दानं देत. शिवाय ताम्रपट जिथे सापडला तिथेच तो दिला गेला असंही गृहीत धरता येत नाही, कारण तो दान घेणाऱ्याच्या घराण्याबरोबर फिरतो.

मग अभ्यासकांनी हे ठरवलं कसं? एकमेकांवर अवलंबून नसलेले पुरावे एकाच ठिकाणी येऊन मिळतात का, हे पाहून. एक, पुढचा राजा देवसेन याचाही ताम्रपट वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. म्हणजे हा एकदाचा मुक्काम नव्हता. दोन, वत्सगुल्म, प्राकृतात वच्छगुम, मग वच्छोम, आणि त्यावरून वाशिम, हा नावाचा प्रवास भाषेच्या नियमांत बसतो. तीन, गावाच्या स्थळपुराणात वत्सगुल्म हे नाव जिवंत आहे. चार, वाशिमजवळच देवसेनाच्या अधिकाऱ्याचा शिलालेख सापडला. त्याकडे पुढे येऊच. यातला कोणताही एक पुरावा सुटा धरला तर लंगडा आहे. चारही एकत्र धरले की शंका घ्यायला फार जागा राहत नाही. प्रयोगशाळेत एकाच पदार्थाची ओळख दोन-तीन वेगळ्या पद्धतींनी पटवून घेतात, तसंच हे.

एक वाचन जे बदलावं लागलं

अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्याबाहेर एक शिलालेख आहे. हे लेणं करवून घेतलं वराहदेवाने. तो हरिषेणाचा मंत्री होता. लेखाच्या सुरुवातीला वाकाटक राजांची वंशावळ आहे. उन्हापावसाने अक्षरं झिजलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा मोठमोठ्या पंडितांनी तो वाचला. त्या वेळी वाकाटकांची एकच शाखा माहीत होती, नागपूरकडची. त्यामुळे पुसट झालेल्या नावांच्या जागी त्या माहीत असलेल्या शाखेतली नावं दिसू लागली.

१९३९ चा ताम्रपट आला आणि चित्र पालटलं. प्रवरसेनाला सर्वसेन नावाचा मुलगा होता आणि त्याची वेगळी शाखा वत्सगुल्माला नांदत होती, हे आता समोर होतं. वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला, आणि जिथे आधी दुसरी नावं वाचली गेली होती तिथे सर्वसेन आणि विंध्यसेन ही नावं त्यांना वाचता आली. त्यांचं नवं वाचन १९४१ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने छापलं. वंशावळ जुळली : सर्वसेन, विंध्यसेन म्हणजेच दुसरा विंध्यशक्ती, दुसरा प्रवरसेन, मग आठ वर्षांचा असताना गादीवर आलेला एक राजा, त्यानंतर देवसेन, आणि शेवटी हरिषेण.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, आधीचे पंडित निष्काळजी नव्हते. झिजलेलं अक्षर वाचताना डोळा मनात आधीपासून असलेल्या यादीतलं नाव शोधतो, कोणाचाही शोधेल. तुमच्या आलेखातला धूसर बिंदूही तुमच्या अपेक्षेकडे असाच ओढला जातो. दुसरी, नवा पुरावा आला की जुना पुरावा संपत नाही, तो पुन्हा वाचावा लागतो. दगड तोच होता, बदललं ते त्याला विचारलेलं नाव. लिटरेचर रिव्ह्यू करताना फक्त आधीच्यांचा निष्कर्ष उतरवून घेऊ नका. त्यांच्यासमोर तेव्हा काय होतं आणि काय नव्हतं, तेही लिहून ठेवा.

शके ३८० : एका तलावाने दिलेली तारीख

वाकाटकांच्या बाबतीत मोठी अडचण म्हणजे त्यांच्या दानपत्रांत कालगणना राज्यवर्षाची असते. राज्याचं ३७ वं वर्ष म्हणजे नेमकं कोणतं? हा सापेक्ष काळ झाला. कोण आधी, कोण नंतर हे कळतं, पण कॅलेंडरवर बोट ठेवता येत नाही. त्यासाठी एक तरी खुंटी लागते, जिला ही सगळी दोरी बांधता येईल.

दुसऱ्या शाखेला ती खुंटी सोयरिकीने मिळाली. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, आणि गुप्तांचा काळ माहीत आहे. वत्सगुल्म शाखेला खुंटी मिळाली ती वाशिमजवळच्या हिस्से बोराळा या गावात. तिथल्या शिलालेखात देवसेनाचा अधिकारी स्वामिल्लदेव याने सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची नोंद आहे, आणि वर्ष दिलं आहे शके ३८०. त्यात ७८ मिळवा, इ.स. ४५७-५८ येतं. देवसेन त्या वर्षी गादीवर होता हे पक्कं झालं.

या लेखात आणखी एक मजेशीर नोंद आहे : सप्तर्षी उत्तरा नक्षत्रात असल्याची. जुन्या समजुतीनुसार सप्तर्षी प्रत्येक नक्षत्रात शंभर वर्षं राहतात आणि २७०० वर्षांत फेरी पूर्ण करतात. प्रत्यक्षात आकाशात हे तारे असे सरकत नाहीत. म्हणजे ही नोंद कोणी रात्री वर पाहून केलेली नाही, ती कालगणनेची एक रीत आहे. जुन्या ग्रंथात किंवा लेखात ग्रहताऱ्यांचा उल्लेख दिसला की लगेच सॉफ्टवेअर उघडून तारीख काढायचा मोह होतो. आधी विचारा : हे निरीक्षण आहे की संकेत? इथे तारीख देणारी गोष्ट शकाचा आकडा आहे, तारे नव्हेत.

आणि आता या तारखेचं वजन बघा. हरिषेण देवसेनाच्या नंतरचा, म्हणजे ४५७-५८ नंतरचा. त्याचा मंत्री वराहदेव. वराहदेवाचं लेणं म्हणजे अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं. एके काळी अजिंठ्याची कितीतरी चित्रं सातव्या शतकापर्यंत खाली ओढली जात होती. पहिल्या लेण्यातल्या एका चित्रात फर्ग्युसनला चालुक्य राजा पुलकेशीच्या दरबारातले इराणी वकील दिसले होते. पुढे वॉल्टर स्पिंक यांनी मांडलं की महायान काळातलं जवळजवळ सगळं काम हरिषेणाच्या सुमारास, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मोजक्या वर्षांत झालं. त्यांच्या नेमक्या वर्षवारीबद्दल मतभेद आहेत, पण १६ व्या लेण्याचं पाचवं शतक आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध भिंतीचित्रांचा काळ ठरवताना वाशिमजवळच्या एका तलावाचा दगड कामी येतो, तो असा.

दगडाबाहेरचं वत्सगुल्म

शहराचा स्वभाव दानपत्रांतून कळत नाही. त्यासाठी साहित्याकडे जावं लागतं. या शाखेचा पहिला राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचं हरिविजय हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही, पण नंतरच्या काव्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली म्हणून आपल्याला ते माहीत आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्म प्रदेशातल्या चालीरीतींचा उल्लेख येतो. आणि राज्य बुडाल्यावर सुमारे चारशे वर्षांनी राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचं लग्न लावलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. हे नगर म्हणजे कामदेवाचं क्रीडास्थान, असं तो सांगतो. त्याच्याच कर्पूरमंजरीत वच्छोमी नावाची काव्यरीती येते, तीही याच गावाच्या नावावरून. राजे गेले, तट गेले, पण बोलण्या-लिहिण्याची एक लकब गावाच्या नावाने ओळखली जात राहिली. एखाद्या राजधानीला याहून मोठा मान कोणता मिळणार?

नावाबद्दल मात्र दोन कथा आहेत. कामसूत्राचा टीकाकार सांगतो की वत्स आणि गुल्म हे दोन राजपुत्र भाऊ होते, त्यांनी वसवलेला हा प्रदेश. स्थळपुराण सांगतं की ही वत्स ऋषींची तपोभूमी. यातली खरी कोणती? दोन्हींना समकालीन आधार नाही. पण म्हणून त्या टाकाऊ नाहीत. राजवंश विसरला गेल्यावरही गावाने आपलं जुनं नाव कथेच्या रूपाने सांभाळलं, आणि तेच नाव पुढे ताम्रपट वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडलं. कथा घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसेल, आठवणीचा पुरावा नक्कीच असते. सिनॉप्सिसमध्ये या दोहोंची सरमिसळ करू नका.

बघायला जायचं तर

हिंगोलीहून वाशिम साधारण पन्नास किलोमीटर. पूर्णा-अकोला मार्गावरची रेल्वेही आहे. गावात पद्मतीर्थ आहे, बालाजीचं मंदिर आहे. हे मंदिर अठराव्या शतकातलं, नागपूरकर भोसल्यांच्या काळात भवानी काळू यांनी बांधवलेलं. म्हणजे ते वाकाटकांचं नाही, हे मनात पक्कं असू द्या. एकाच गावात वेगवेगळ्या काळांचे थर शेजारी शेजारी असतात, आणि ते वेगळे ओळखता येणं हीच इतिहासाची पहिली परीक्षा. तिथून हिस्से बोराळ्याला जा, तलाव कुठे बांधला असेल ते जमिनीचा उतार पाहून समजून घ्या. आणि कधीतरी अजिंठ्याला गेलात तर १६ क्रमांकाच्या लेण्यासमोर क्षणभर आठवा, की हे दान देणाऱ्या मंत्र्याचा राजा आपल्या शेजारच्या गावचा होता.

शेवटी, ज्यांना विषय मिळत नाही अशी तक्रार असते त्यांच्यासाठी. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं आणि हिंगोली निजामाकडे राहिली. तेव्हापासून वाशिम आणि हिंगोली यांच्यामध्ये एक रेघ आहे. राज्य एक झालं तरी विभाग वेगळे राहिले, विद्यापीठंही वेगळी : एकीकडे अमरावती, दुसरीकडे नांदेड. विंध्यशक्तीच्या ताम्रपटात मात्र ती रेघ नाही, तिथे वत्सगुल्म आणि नांदीकड एकाच राज्यात आहेत. त्या दोन गावांमधल्या पट्ट्यात जुन्या वस्तीच्या पांढरी किती आहेत, त्यांवर कोणत्या काळातली खापरं मिळतात, जुन्या वाटा कुठून जात होत्या, कोणत्या गावांची नावं प्राकृतातून आलेली दिसतात, हे प्रश्न गावोगाव पायी फिरून विचारायचे आहेत. पांढरीवरचं खापर उचलून घरी आणू नका. जागा, फोटो आणि तारीख टिपून घ्या, ते तिथेच राहू द्या आणि जाणकाराला दाखवा. मिराशींचं ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हे पुस्तक मराठीतच आहे, ते आधी वाचा. मग वहीच्या पहिल्या पानावर आपल्या गावाचं नाव लिहा आणि पुढे एकच प्रश्न : हे गाव इथे कधीपासून आहे, आणि ते कशावरून सांगता येईल?